७०० मिलिग्रॅम, पण कशाचे किती? वजन घटवणाऱ्या कॅप्सूलचा पाच महिन्यांचा अनुभव

दुसऱ्या महिन्यात मी या कॅप्सूलला चार स्टार दिले होते. आज ते बदलून एक करतेय. वजनाबद्दल तक्रार नाही, साडेतीन किलो उतरलं. भूक मंदावली, दुपारची सुस्ती गेली. चार बाटल्यांचा संच स्वस्त पडतो म्हणून एकदम घेतला होता.

चौथ्या महिन्यात तिसरी बाटली उघडली. डोस तोच, सकाळी एक, दुपारी एक. तिसऱ्याच रात्री दोन वाजता छातीत धडधडून जाग आली. पडल्या पडल्या नाडी मोजली, ११८. सकाळी डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नीट आला. मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. लेबल वाचून त्यांनी विचारलं, "यात कॅफीन किती आहे?" मला सांगता आलं नाही, कारण लेबलवर ते नाहीच.

माझा सगळा राग त्या एका ओळीवर आहे. 'प्रोप्रायटरी ब्लेंड (म्हणजे कंपनीचं स्वतःचं मिश्रण), ७०० मिग्रॅ.' खाली गुआराना, ग्रीन टी अर्क, कडू संत्रं, योहिम्बे (एका आफ्रिकी झाडाची साल). चौघांची बेरीज दिलीय, वाटा कुणाचाच नाही. गुआरानाच्या बियांतलं उत्तेजक द्रव्य म्हणजे कॅफीनच. कडू संत्र्यातलं सिनेफ्रिन रचनेने एफेड्रिनच्या, म्हणजे एफेड्रा या वनस्पतीतल्या उत्तेजकाच्या, जवळचं. एफेड्रा असलेल्या सप्लिमेंटवर अमेरिकेत २००४ मध्ये बंदी आली, त्याच्या आदल्या वर्षी स्टीव्ह बेकलर हा बेसबॉलपटू सरावादरम्यान उष्माघाताने गेला होता आणि तपासात एफेड्राचं नाव आलं होतं. मग 'एफेड्रा-फ्री' लिहिलेल्या अनेक बाटल्यांत कडू संत्रं आलं. माझ्या बाटलीवरही ते दोन शब्द आहेत आणि मी त्यांवर भरवसा ठेवला होता.

कस्टमर केअरकडे दोनच गोष्टी मागितल्या: या बॅचचा तपासणी अहवाल आणि एका कॅप्सूलमधलं कॅफीन. चार मेल, अकरा दिवस. कॅफीनबद्दल उत्तर, "फॉर्म्युला गोपनीय आहे." अहवाल मात्र आला. शिसं, आर्सेनिक, पारा, जिवाणू, बुरशी, सगळं मर्यादेत. हे तपासतात ते चांगलंच. पण नाडी वाढवणारं एकही द्रव्य त्यात मोजलेलं नव्हतं. वनस्पतींपुढे फक्त 'ओळख पटली' असं होतं. वनस्पती आत आहे एवढंच त्यातून कळतं, तिच्यातलं द्रव्य किती ते कळायला एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी करावी लागते आणि लेबलवर नसलेलं काही मिसळलंय का हे शोधायला मास स्पेक्ट्रोमेट्री.

ही भीती उगाच नाही. योहिम्बेच्या ४९ ब्रँडची तपासणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींच्या डोसमध्ये योहिम्बिन हे त्यातलं उत्तेजक द्रव्य अजिबात सापडलं नाही, तर कमाल प्रमाण १२ मिग्रॅच्या घरात होतं. २०१३ मध्ये एफडीए या अमेरिकी अन्न-औषध नियामक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अकेशिया रिजिड्युला या झाडाचं नाव लिहिलेली २१ उत्पादनं तपासली. ९ मध्ये बीएमपीईए हे उत्तेजक निघालं, आणि ते त्या झाडात सापडलंच नाही.

एवढं लिहिलं आणि कॅप्सूलच्या कंपनीचा फोन आला. बाई नीट बोलल्या, आवाजात खरी काळजी होती, म्हणून सेवेबद्दल आधी लिहिलेलं एक कडक वाक्य मी काढलंय. त्यांनी सांगितलं, दोन कॅप्सूलमध्ये मिळून कॅफीन ३२० मिग्रॅ. म्हणजे आकडा त्यांच्याकडे होताच! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिग्रॅपर्यंत ठीक म्हटलंय. माझी दोन कप कॉफी धरली की मी ती रेषा रोज ओलांडत होते. लेबलवर ३२० छापलं असतं तर कॉफी पहिल्याच दिवशी बंद केली असती.

पण कॉफी तर पहिल्या दोन बाटल्यांच्या वेळीही चालू होती. म्हणून विचारलं, हा आकडा तिसऱ्या बाटलीच्या बॅचमध्ये मोजलेला का? नाही, फॉर्म्युल्यातला. बॅचनिहाय मोजत नाहीत.

कॅप्सूल सोडून महिना झाला. चौथ्या दिवशीच नाडी ७६ वर आली, धडधड परत नाही. दीड किलो वजन परतलंय. चौथी बाटली सीलबंद आहे. पैसे मोजलेत म्हणून टाकवत नाही, आणि घेणार तर नाहीच. तिसरीतल्या उरलेल्या कॅप्सूल बॅच नंबरसकट वेगळ्या ठेवल्यात. एका खासगी लॅबला कॅफीन, सिनेफ्रिन आणि योहिम्बिन या तिघांचाच भाव विचारला, तो अख्ख्या संचापेक्षा जास्त निघाला. तरी नमुना पाठवतेय.