चित्रं आहेत म्हणून सोपं? ग्राफिक नॉव्हेल की इतिहासाचं पुस्तक

एखाद्या कालखंडाबद्दल वाचायचं ठरवलं की सल्ला मिळतो तो ठरलेला: आधी ग्राफिक नॉव्हेल घे, चित्रं आहेत, पटकन होईल, मग जाड पुस्तकाला हात घाल. गेल्या काही महिन्यांत मी अशी पुस्तकं जोडीजोडीनं वाचली. हा सल्ला निम्म्या वेळाच खरा निघाला.

खरा ठरला तो इराणच्या बाबतीत. मार्जान सात्रापीचं 'पर्सेपोलिस' १९८० मध्ये सुरू होतं. दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर अचानक हिजाब येतो आणि तो का आला हे तिला कळत नाही. वाचणाऱ्यालाही कळलं नाही तरी चालतं, कारण आपण तिच्याच उंचीवरून बघत असतो. आईबाप तुर्कस्तानातून कोटाच्या अस्तरात पोस्टर शिवून आणतात, तो प्रसंग मी विसरणं शक्य नाही. मात्र इराणमधली क्रांती का झाली, हे तिथे शोधू नका. त्यासाठी एर्वांद अब्राहमियनचं 'अ हिस्टरी ऑफ मॉडर्न इराण' (२००८) घ्या. तेलाचं राष्ट्रीयीकरण, १९५३ मध्ये पंतप्रधान मोसादेघ यांना उलथवणारा कट, शहांच्या काळात फुगत गेलेली नोकरशाही, सगळं क्रमानं उलगडतं. पुस्तक कोरडं आहे, नाकारत नाही. पण सात्रापीनंतर वाचलंत तर त्या कोरड्या पानांवरही माणसं दिसायला लागतात.

'माऊस'ची गोष्ट अगदी वेगळी. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, एवढं ऐकून लोक हे पुस्तक शाळकरी मुलांच्या हाती देतात. लेखक-चित्रकार आर्ट स्पीगलमनला नाझी काळातली वडिलांची छळकथा तर सांगायचीच आहे, पण हे वडील, व्लादेक, किती चिक्कू, हेकट आणि स्वतः वंशद्वेष बाळगणारा म्हातारा आहे हेही तो लपवत नाही. मला सगळ्यात मोलाची वाटली ती एक छोटी जागा. ऑशविट्झ छळछावणीच्या फाटकाशी कैद्यांचा वाद्यवृंद वाजत असे, याची नोंद आहे, असं मुलगा म्हणतो. बाप म्हणतो, मी नाही पाहिला, आम्ही नुसते चालत होतो. चित्रात चालणाऱ्या रांगेआडून वाद्यं जेमतेम डोकावतात. नोंद आणि आठवण एकाच चौकटीत, आणि दोघांपैकी कुणालाच खोटं पाडलेलं नाही. ज्याला नाझी काळाची काहीच माहिती नाही त्याच्या हातून ही जागा निसटणार. म्हणून इथे मी क्रम उलटा सांगेन.

आधी क्रिस्टोफर ब्राउनिंगचं 'ऑर्डिनरी मेन' (१९९२). हॅम्बर्गकडच्या मध्यमवयीन राखीव पोलिसांची एक तुकडी १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या युझेफुफ गावात सुमारे १,५०० ज्यूंना गोळ्या घालते. त्याआधी मेजर ट्रॅप चक्क मुभा देतो, ज्याला जमणार नाही त्यानं बाजूला व्हावं. जवळजवळ ५०० जणांच्या तुकडीतून तेव्हा जेमतेम डझनभर बाजूला होतात. पुढे १९६० च्या दशकात झालेल्या जबान्यांवरून ब्राउनिंग विचारतो, बाकीच्यांनी का केलं? हा प्रश्न 'माऊस' विचारूच शकत नाही, तिथली मांजरं मांजरंच राहतात. म्हणून दोन्ही वाचायला हवीत, पण एकापाठोपाठ एक नकोत. मी तसं केलं आणि आठवडाभर मला दुसरं काही वाचता आलं नाही.

आपल्या जवळचा विषय हवा असेल तर बाबासाहेब आंबेडकरांवरचं 'भीमायन' (२०११) हाती घ्यावंसं वाटेल. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांच्या परधान गोंड चित्रांत नेहमीच्या चौकटीच नाहीत. मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं, विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मसूर स्टेशनावर उतरलेल्या छोट्या भीमाला आणि सोबतच्या पोरांना अस्पृश्य म्हणून दुप्पट भाडं देऊन बैलगाडी स्वतःच हाकावी लागते, हा प्रसंग त्या चित्रांमुळे अंगावर येतो. पण बाबासाहेबांचं राजकारण, १९२७ चं महाड ते १९३२ चा पुणे करार आणि पुढे संविधान, समजून घ्यायचं असेल तर धनंजय कीरांच्या चरित्राला पर्याय नाही. चरित्र आधीच वाचलेल्यानं 'भीमायन' जरूर घ्यावं. ज्यानं वाचलेलं नाही, त्याला ते सुंदर पण तुटक वाटेल.

राहिला पत्रकार-चित्रकार जो सॅको. 'फुटनोट्स इन गाझा' (२००९) हे अर्धं इतिहासाचंच पुस्तक आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये गाझा पट्टीतल्या खान युनिस आणि रफाहमध्ये झालेल्या हत्या, ज्यांना बहुतेक इतिहासग्रंथ एखादी ओळ देतात, त्या तो साक्षीदारांना भेटून चारशेहून जास्त पानांत उभ्या करतो. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर तेही चित्रात दाखवतो. एवढा प्रामाणिकपणा मला गंभीर इतिहासग्रंथांतही क्वचित सापडला. सोपं मात्र मुळीच नाही. गर्दीची पानं इतकी भरगच्च आहेत की मोबाइलवर वाचायचा विचार असेल तर छापील प्रत मिळेपर्यंत थांबा.