कोलोगार्ड: शौचाच्या नमुन्यातून आतड्याच्या कॅन्सरचा माग

मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रोज झडतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळालेली कोलोगार्ड चाचणी या पेशींचा डीएनए तपासते. नेमकं काय शोधायचं, याची निवड तिच्या कर्त्यांनी फार विचारपूर्वक केली आहे.

या कॅन्सरमध्ये बहुतेकदा आधी एपीसी जनुक बिघडतं, पण ते बिघाड जनुकभर विखुरलेले असतात, त्यामुळे नेमके शोधणं अवघड. केआरएएस या दुसऱ्या जनुकाचे बिघाड मुख्यतः १२ आणि १३ क्रमांकाच्या कोडॉनवर (डीएनएच्या तीन अक्षरांच्या गटावर) सापडतात, म्हणून चाचणीत त्यातले सात घेतले आहेत. जोडीला एनडीआरजी४ आणि बीएमपी३ या जनुकांचं मिथाइलेशन पाहतात. यात डीएनएची अक्षरं बदलत नाहीत, पण वर मिथाइल गट चिकटले की जनुक गप्प होतं. शिवाय शौचात रक्त आहे का हे कळावं म्हणून हिमोग्लोबिनही मोजतात.

मिथाइलेशनची ही जोड सगळ्यात मोलाची. चपटे, दातेरी पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर वाढणाऱ्या गाठी, ज्यांतल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो) फारसं रक्त गाळत नाहीत, त्यामुळे नुसतं रक्त शोधणाऱ्या फिट चाचणीला ते दिसत नाहीत. सुमारे दहा हजार जणांच्या अभ्यासात १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे दातेरी पॉलिप फिटने ५.१ टक्के पकडले, कोलोगार्डने ४२.४ टक्के. कॅन्सर पकडण्यात ७३.८ विरुद्ध ९२.३ टक्के. उणी बाजूही तितकीच स्पष्ट आहे: कॅन्सरकडे झुकलेले निम्म्याहून जास्त पॉलिप निसटतात आणि विनाकारण पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण फिटपेक्षा जास्त आहे, साधारण १३ टक्के. २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या कोलोगार्ड प्लस या सुधारित चाचणीत मिथाइलेशनच्या खुणा बदलल्या, केआरएएस वगळलं आणि विनाकारण पॉझिटिव्हचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास आलं.

नमुना घरीच घ्यायचा. कमोडवर बसवलेल्या डब्यात शौच करा, लघवी मिसळू देऊ नका. आधी काडीने पृष्ठभाग खरवडून ती छोट्या नळीत घाला, मगच बाटलीतलं सगळं द्रावण डब्यात ओता. हा क्रम उलटला तर हिमोग्लोबिनचा नमुना बिघडतो. द्रावण कमी पडलं तर डीएनए तोडणारी एन्झाइम्स आवरत नाहीत. डबा एका दिवसाच्या आत कुरियरकडे द्या. जुलाब, पाळी किंवा मूळव्याधीचा रक्तस्राव चालू असेल तर थांबा.

आधी पॉलिप निघालेले, आतड्याचा दाहक आजार असलेले किंवा लिंच सिंड्रोमच्या (कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाच्या) घराण्यातले यांच्यासाठी ही चाचणी नाही, त्यांनी थेट कोलोनोस्कोपीच (कॅमेऱ्याच्या नळीने आतड्याची तपासणी) करावी. बाकीच्यांनी निगेटिव्ह आल्यास तीन वर्षांनी पुन्हा करावी. पॉझिटिव्ह आल्यास कोलोनोस्कोपी टाळू नये, कारण पॉलिप काढता येतो तो तिथेच.