घरी बनवलेले बूट : हिवाळा आणि उन्हाळा घालून झाल्यावर

पैसे वाचतील म्हणून बूट बनवायला शिकणार असाल तर नका शिकू. हत्यारं, फर्मे, चामडं आणि वाया गेलेलं चामडं असा सगळा हिशेब मांडला तर त्या पैशांत चांगल्या ब्रँडचे दोन-तीन जोड सहज येतात. हौसच असेल तर पाकीट किंवा कमरेचा पट्टा करा, लवकर जमतो आणि कुणाला भेटही देता येतो. बूट शिकायला माझ्या मते एकच पक्कं कारण आहे, ते म्हणजे बाजारातला बूट तुमच्या पायाला बसत नाही.

माझ्या बसत नाही. चवडा रुंद, टाच अरुंद, आणि डावा पाय उजव्यापेक्षा घेराला मोठा. बायकांचे बूट पुढे निमुळते होत जातात, त्यात करंगळी चेंगरते. पुरुषांचे घेतले तर चवडा सुटतो, पण टाच आत खाली-वर होते. म्हणून हा उद्योग. आज जे बूट घालून पुण्यात ऑफिसला जाते, ते तपकिरी रंगाचे, लेसचे, साधे डर्बी आहेत. करंगळीवरचा जुना घट्टा मऊ पडलाय. मला तेवढंच हवं होतं, त्यामुळे पुढे मी कितीही कुरकुर केली तरी मूळ काम झालेलं आहे हे लक्षात ठेवून वाचा.

सगळ्यांना वाटतं शिवणं अवघड असेल. शिवण सरावाने येते. बूट पायाला बसणार की नाही हे मात्र शिवणीच्या कितीतरी आधी, फर्म्यावर ठरतं. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, पूर्वी लाकडाचा असायचा, आता बहुतेक प्लास्टिकचा. दुकानदार त्याला लास्टच म्हणतात. चामडं त्याच्यावर ओढून बसवतात, म्हणजे बूट आधी फर्म्याला बसतो आणि मग तुम्हाला. मधोमध बिजागरी असलेलाच घ्या, नाहीतर बूट तयार झाल्यावर फर्मा आतून निघता निघत नाही. कारखान्यांनी टाकून दिलेले जुने फर्मे स्वस्तात मिळतात आणि शिकायला ते पुरतात.

नंबरावर विसंबून फर्मा घेऊ नका. इंग्लिश नंबर एकाने वाढला की लांबी इंचाच्या एक तृतीयांशाने वाढते, म्हणजे साधारण ८.५ मिमी. युरोपियन नंबराची पायरी सेंटीमीटरच्या दोन तृतीयांश, म्हणजे ६.७ मिमीच्या आसपास. त्यामुळे खोक्यावर छापलेलं एकाचं दुसऱ्यात रूपांतर तंतोतंत कधीच जुळत नाही. शिवाय नंबर फक्त लांबी सांगतो. चवड्याचा घेर, पायाच्या उंचवट्याचा घेर, टाचेची रुंदी याबद्दल तो अवाक्षर काढत नाही, आणि बूट चावतो तो याच ठिकाणी. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय फुगलेला असतो. उभं राहून एकदा, बसून एकदा, आणि दोन्ही पायांचं. फर्मा पायापेक्षा लांब असतो, बोटांपुढे साधारण १० ते १५ मिमी मोकळी जागा लागतेच. चालताना पाय बुटात पुढे सरकतो, ती जागा त्यासाठी.

तुमच्या पायासारखा फर्मा विकत मिळणार नाही, तो करावा लागतो. माझ्या टाचेला बसेल असा फर्मा शोधला आणि करंगळीच्या सांध्यापाशी चामड्याचे तुकडे चिकटवत गेले. एक तुकडा लावायचा, कडा घासून शून्यावर आणायच्या, टेपने घेर मोजायचा, मग त्यावर जरा लहान दुसरा तुकडा. हात फिरवला की कुठे पायरी लागता कामा नये, कारण ती पायरी जशीच्या तशी बुटावर उमटते. डाव्या फर्म्याला उजव्यापेक्षा एक थर जास्त. हे काम कंटाळवाणं आहे आणि व्हिडिओंमध्ये ते दोन मिनिटांत उरकतात. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घातला, आणि पुन्हा केलं तरी इथेच घालेन.

डिझाइनची सुरुवात वहीत करू नका. कागदावर काढलेला देखणा बूट गोल फर्म्यावर गेला की भलताच दिसतो. फर्म्याला मास्किंग टेप गुंडाळायची, पुढून आणि मागून मधली रेघ मारायची, आणि डिझाइन थेट त्यावर पेन्सिलीने काढायचं. टेबलावर ठेवून लांबून बघायचं, खोडायचं, परत काढायचं. मनासारखं झालं की टेप मधल्या रेघेवर कापून सोलायची आणि कार्डावर सपाट चिकटवायची. गोल वस्तू सपाट होताना कुठेतरी सुरकुती पडणारच, ती जिथे कमी नडेल तिथे ढकलायची. मग खालच्या कडेला फर्म्याखाली वळवण्यासाठी दोनेक सेंटीमीटर जास्तीचे ठेवायचे.

डर्बीच का, ते सांगते. त्यात लेसचे दोन्ही पंख पुढच्या भागाच्या वरून शिवलेले असतात आणि खालून मोकळे सुटतात, त्यामुळे उंच पायालाही बूट उघडून घालता येतो. ऑक्सफर्डमध्ये ते आतून शिवलेले असतात. दिसायला जास्त नेटकं, पण मापात जराही इकडेतिकडे खपत नाही. माझ्या डिझाइनमध्ये पंखाची शिवण करंगळीच्या सांध्यावरून जात नाही, मुद्दाम मागे घेतली आहे. बाजारातल्या बऱ्याच बुटांत ती नेमकी सांध्यावर येते आणि आतून घासते. त्यामुळे बाजूने बघितलं तर माझ्या बुटाचं नाक जरा लांबट वाटतं. वाटू दे.

चामड्यासाठी धारावी. संत रोहिदास मार्गावर दुकानं आहेत, चौरस फुटाच्या हिशेबाने विकतात आणि प्रत्येक कातड्याच्या मागे त्याचं क्षेत्रफळ लिहिलेलं असतं. जोडाच्या वरच्या भागाला दोन ते अडीच चौरस फूट धरा, अस्तराला जवळपास तितकंच वेगळं. वरचं चामडं १.२ ते १.५ मिमी जाडीचं बरं पडतं, अस्तर एक मिमीच्या आत. दुकानात कातडं पूर्ण उलगडून घ्या आणि हाताने ताणून बघा. पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाचा सैल आणि ताणला जाणारा. बुटाचा पुढचा भाग पाठीतून कापायचा, जीभ पोटातून काढली तरी चालते. टाचेच्या आतलं अस्तर मी खरखरीत बाजू पायाकडे करून लावलं आहे. टाच निसटत नाही ती बऱ्याच अंशी त्यामुळे.

शिवणीबद्दल थोडक्यात. कपडे शिवायच्या घरगुती मशीनवर अस्तराचं पातळ चामडं कसंबसं जातं, बूट उभा झाल्यावर मात्र ती कामाची नाही. मी हाताने शिवते. आरीने भोकं, मेणाचा दोरा, दोन सुया दोन्हीकडून. सावकाश होतं, पण एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही.

फर्म्यावर चामडं ओढणं हा खरा कुस्तीचा भाग. आधी नाकाशी एक ओढ, मग दोन्ही बाजूंना, मग टाच, दर वेळी खाली खिळा ठोकून अडकवायचं. नाकाच्या गोलाईवर चुण्या येतात, त्या एकेक करून पसरवायच्या. हात भरून येतात. एकोणिसाव्या शतकात बुटांच्या कारखान्यांतली बाकीची कामं यंत्रावर गेली, तरी हे काम बराच काळ हातातच अडकून होतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी यान मॅट्झेलिगर या सुरीनामहून आलेल्या कामगाराने १८८३मध्ये त्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तोवर कसबी माणूस दिवसाला पन्नासेक जोड ओढायचा, यंत्र दीडशेपासून सातशेपर्यंत ओढू लागलं. दिवसाला पन्नास! माझा एक जोड ओढून झाला की मी दुसऱ्या दिवशी सुट्टी घेते.

स्वतः शिकले असं मी सांगत असले तरी ते अर्धंच खरं आहे. हात कसा फिरतो ते व्हिडिओत दिसतं, जोर किती लावायचा ते दिसत नाही. रापी, म्हणजे चामडं कापायची आणि सोलायची सुरी, कशी धरायची हे मला आमच्या चौकात चपला दुरुस्त करणाऱ्या काकांनी दाखवलं. पहिला जोड त्यांच्याकडे नेला तेव्हा त्यांनी तो उलटा करून बघितला, वाकवला, आणि टाचेवर मागून अंगठा दाबला. अंगठा आत गेला. "ताई, तोंड चांगलं आलंय, पण मागून जीव नाही." मग सोलच्या चामड्याचा एक तुकडा घेऊन त्याच्या कडा रापीने कागदासारख्या पातळ केल्या, पाण्यात बुडवला आणि म्हणाले, हा खळ लावून अस्तर आणि वरच्या चामड्याच्या मधे घालायचा, वाळला की दगड होतो. बाजारात याला काउंटर म्हणतात, तयार प्लास्टिकचेही मिळतात. आत्ताच्या जोडात काकांच्या पद्धतीचा आहे आणि टाच अजून उभी आहे. असं कुणाकडून शिकलात तर त्यांच्या धंद्याच्या वेळेचे पैसे द्या. मी दिले. आधी नको म्हणाले, मग घेतले.

आणखी एक. सोसायटीत कळलं तेव्हा एक-दोघींनी "हे कशाला गं?" असं विचारलं. विचारण्यातला सूर मला ओळखीचा होता, त्यांनाही होता. कातडं कमावणारा ढोर समाज आणि चपला-बूट करणारा चर्मकार समाज यांना ज्या कामावरून पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या कडेला ठेवलं, तेच काम मी शनिवार-रविवारी टेबलावर वर्तमानपत्र पसरून करते आणि लोक त्याला क्राफ्ट म्हणतात. ही सोय मला का मिळते हे माहीत असूनही मी बूट करते. पण निदान "विस्मृतीत चाललेली कला जपतेय" वगैरे बोलत नाही. धारावीत आणि आग्र्यात ती रोज पोट भरण्यासाठी चालू आहे.

आता वापराचं. पहिले काही दिवस बूट कडक होते, उंचवट्यापाशी दाबत होते, मग सुटले. आतला सपाट तळ जाड चामड्याचा आहे, त्यावर आता माझ्या पायाचा ठसा नीट उमटलाय, बोटांसकट. त्याच्यावर एमसीआरची, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराची पट्टी आहे, मधुमेही लोकांच्या चपलांना वापरतात तेच. दिवसभर उभं राहायचं असेल तर ही पट्टी हवीच. सोल रबरी, सोल्यूशनने चिकटवलेला. कुठेही सुटलेला नाही. चिकटवताना चामड्याची गुळगुळीत साय पॉलिश पेपरने पूर्ण काढायची, दोन्हीकडे सोल्यूशन लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि गरम हवा देऊन दाबायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, त्या वासाने डोकं चढतं. टाचेची बाहेरची कड झिजली आहे, ती चालण्याची सवय, बुटाचा दोष नाही.

दोष आहेतच. वजन जास्त आहे. चवड्यावर वाकतो तिथली सुरकुती उजव्या बुटाला खोल पडलीय, डाव्याला नाही, म्हणजे उजव्याला पुढे अजूनही जागा जास्त आहे. कडांचा रंग उडतो, दर महिन्याला लावावा लागतो.

कुणी विचारलं तर मी सांगते की सुरुवात बुटाने न करता कोल्हापुरीसारख्या उघड्या चपलेने करा. २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या चपलेला बंद बुटासारखा फर्म्यावर ताण द्यावा लागत नाही. पट्टा आणि अंगठा पायाच्या हिशेबाने बसले की बाकीचं घालून घालून पाय बघून घेतो. म्हणजे सोपी आहे असं नाही, वादीने, म्हणजे चामड्याच्या बारीक पट्टीने केलेली तिची शिवण माझ्याच्याने आजही सरळ होत नाही. पण कापणं, रापी, आरी हे सगळं तिच्यावर शिकता येतं आणि फर्म्याचा खर्च पुढे ढकलता येतो.

पावसाळ्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. वळवाच्या एका सरीत आतला चामड्याचा तळ फुगला, वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवायला तीन दिवस गेले आणि नाकावर पाण्याची पांढरी रेघ राहिली ती राहिलीच. मेण लावून बघितलं, फार फरक पडला नाही. जूनपासून बूट कपाटाबाहेर, हवेशीर जागी ठेवते, आत ठेवले की बुरशी धरतात. आणि ऑफिसला मंडईतून आणलेले प्लास्टिकचे सँडल घालून जाते. ते करंगळीला लागतात.