दुरुस्तीला दिलेला कॅमेरा परत आला, लेन्स मात्र दुसरीच

आप्पांचा याशिका मॅट १२४ जी हा दोन लेन्सचा जुना फिल्म कॅमेरा गेल्या वर्षी मी दुरुस्तीला पाठवला. तो परत आला तेव्हा त्याची लेन्स बदललेली होती, आणि हे कळायला मला चार महिने आणि तीन रोल लागले. ज्यांच्या कपाटात असा जुना कॅमेरा पडून आहे आणि ज्यांना पुन्हा फिल्मवर फोटो काढावेसे वाटतायत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. हा कॅमेरा आप्पांनी १९८२ साली घेतला. लग्नं, बारशी, तालमीतले पैलवान, सगळं याच्यावर काढलेलं. १२० नंबरच्या फिल्मच्या एका रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ चौकोनी फोटो. वरची लेन्स नुसती बघायला; खालची ८० मिमी, एफ ३.५ ची, फोटो उतरतो तो तिच्यातून. पावसाळ्यात आमच्याकडे चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते, तिथं लेन्सची काय कथा. म्हणून जूनपासून आप्पा कॅमेरे लाकडी कपाटात ठेवायचे आणि आत झीरोचा बल्ब रात्रंदिवस चालू असायचा. स्टुडिओ बंद झाल्यावरही आईने तो बल्ब कधी बंद होऊ दिला नाही.

असे दोन कॅमेरे होते. पोरांच्या हातून अदलाबदल होऊ नये म्हणून आप्पांनी याच्या खालच्या लेन्सच्या रिंगवर, नंबरच्या शेजारी, तांबड्या ऑइलपेंटचा ठिपका दिला होता. तो देताना थोडा रंग नंबरच्या शेवटच्या आकड्यावरही ओघळला होता.

पंचवीसेक वर्षांनी मी तो कॅमेरा बाहेर काढला, तेव्हा १ सेकंद, अर्धा, पाव असे हळू स्पीड लावले की शटर उघडून तसंच राहायचं. आतलं तेल सुकून चिकट झालं की असं होतं. बाकी सगळं ठीक होतं. उजेड मोजायच्या मीटरची १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, पण त्यावाचून माझं अडत नव्हतं. उजेड डोळ्यांनी जोखायला आप्पांनीच शिकवलं होतं. शटर उघडून साफ करणारा माणूस मात्र गावात सापडेना. बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला ते हे गाव, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. तिथून रोज जाताना हे फार लागायचं.

एका ओळखीच्या फोटोग्राफरने बाहेरगावच्या एका दुरुस्तीवाल्याचा नंबर दिला. फोनवर माणूस अतिशय गोड. याशिकाची त्याला खडान्‌खडा माहिती होती. साडेसहा हजार सांगितले, चार हजार आगाऊ घेतले. मी बिल मागितलं तर म्हणाला, “सर, घरगुती काम आहे, व्हॉट्सॲपवर सगळं लिहिलेलं आहेच की.” मला ते पटलं. पॅक करताना मी कॅमेऱ्याचा एकच फोटो काढला, तोही वरून. त्यात लेन्सचा नंबर दिसत नाही.

पाच आठवड्यांनी पार्सल आलं. कॅमेरा नव्यासारखा चमकत होता, शटर सगळ्या स्पीडला खणखणीत चालत होतं. तांबडा ठिपका नव्हता. माझ्या मनात आलं, एवढं साफ केलंय, पुसला गेला असेल. थोडं वाईट वाटलं, पण मी विचारलं नाही. सोबत त्याच्याकडूनच घेतलेले एचपी ५ या कृष्णधवल फिल्मचे दोन रोल होते, खोके काढलेले. “पार्सलमध्ये खोकी दबतात सर.” फिल्मची मुदत खोक्यावर छापलेली असते, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसलो.

पहिला रोल पंचगंगा घाटावर काढला, सकाळी सात वाजता, उन्हासमोर. डेव्हलप घरीच केला. आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं, आणि मे महिन्यात नळाचं पाणी कोमट येतं म्हणून बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून. निगेटिव्ह निघाली ती करडी, मळकट. दीपमाळेच्या कडा धुरात असल्यासारख्या. मला वाटलं, तापमान चुकलं. दुसरा रोल रंकाळ्यावर काढला, बर्फ जास्त घातला, मिनिटं घड्याळ लावून मोजली. तेच. मग वाटलं उजेड जोखण्यात चूक होतेय, हातच बसलेला नाही. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “सर, इतक्या वर्षांनी फिल्मवर येताय, हात बसायला वेळ लागणारच. आणि जुनी लेन्स आहे, थोडं मऊ यायचंच.” मी त्याचे आभार मानून फोन ठेवला.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथलं. इतक्या वर्षांनी परत आलेला माणूस आधी स्वतःच्या हातावर संशय घेतो, आणि फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. फोटो बिघडला की आपण आपलंच चुकलं म्हणतो, वर त्यालाच सल्ला विचारतो. त्याने दिलेली जुनी फिल्म लेन्सचा दोष झाकत होती आणि माझं अवघडलेपण दोन्ही झाकत होतं. एका दोषामागे दुसरा लपला की कुठला कशाचा, ते कळतच नाही.

तिसरा रोल मी दुसरीकडून मागवला, खोक्यासकट, मुदतीतला. तो डेव्हलप करून आप्पांच्या डार्करूममध्ये वीस वर्षं काम केलेल्या तात्यांकडे घेऊन गेलो. त्यांनी निगेटिव्हची पट्टी खिडकीसमोर धरली. बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आधीच्या दोन्ही रोलच्या पट्ट्या मागितल्या आणि तिन्ही एकाशेजारी एक धरल्या.

“कडा बघ,” म्हणाले. “फोटोच्या बाहेरची.”

पहिल्या दोन रोलच्या कडाही करड्या होत्या. तिथे लेन्समधून उजेड पडतच नाही, म्हणजे फिल्मच जुनी होती. तिसऱ्याच्या कडा काचेसारख्या स्वच्छ. पण चौकटीच्या आत सावल्यांच्या जागी, जिथे निगेटिव्ह जवळपास कोरी हवी, तिथे करडी साय पसरलेली. उजळ भागाचा काळा रंग शेजारी फुटलेला.

“लेका, हात नाही विसरला तुझा. काच खराब आहे.”

त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, शटर बी वर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहील असं, ठेवलं, ॲपर्चर पूर्ण उघडलं, बटण दाबून धरलं आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारला. पुढून मी पाहिलं. समोरच्या काचेच्या आत एका कडेपासून मध्यापर्यंत बारीक पांढरे धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. बुरशी. ज्या कॅमेऱ्यासाठी आप्पांनी आणि आईने चाळीस वर्षं बल्ब जाळला, त्याच्या लेन्समध्ये.

मग तात्यांनी फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून लावला आणि तीस फुटांवरची दुकानाची पाटी वरच्या काचेत फोकस केली. वर अक्षरं वाचता येत होती, खाली बटर पेपरवर ती विसकटलेली. दोन्ही लेन्सचं एकमेकींशी जुळतच नव्हतं. दुसऱ्या कॅमेऱ्याची काच आणून बसवलेली, फोकस मिळवण्याचे कष्टसुद्धा घेतलेले नाहीत.

घरी येऊन मी आप्पांचं स्टॉक रजिस्टर शोधलं. त्यांच्या अक्षरात बॉडीचा नंबर होता, लेन्सचा नंबर होता. बॉडी आमचीच. लेन्सचा एकही आकडा जुळत नव्हता.

दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो आधी म्हणाला, आली तशीच परत दिली. मी रजिस्टरचा फोटो पाठवला, त्यानंतर त्याने नंबर ब्लॉक केला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर बोललो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, मुदत दोन वर्षांची. तक्रार दिली आहे. पण बिल नाही, पैसे गेले ते भलत्याच नावाच्या खात्यावर, आणि पाठवताना लेन्स कुठली होती याचा पुरावा म्हणजे रजिस्टरमधली एक ओळ. आज पाठवायचा असता तर आधी बॉडी आणि लेन्सच्या नंबरांचे जवळून फोटो काढले असते, टॉर्च मारून काचेचा व्हिडिओ केला असता आणि दोन्ही नंबर लिहिलेली पोच हातात आल्याशिवाय एक रुपया दिला नसता. परत आल्यावर त्याच दिवशी टॉर्च आणि बटर पेपर. त्याला दहा मिनिटं लागतात.

ती लेन्स आता कुणाच्या तरी कॅमेऱ्यावर असणार. तुम्ही अलीकडे जुना १२४ जी घेतला असेल किंवा घेणार असाल, तर खालच्या लेन्सची रिंग उजेडात तिरकी धरून बघा. वरचा ठिपका पुसता येतो, पण नंबर कोरलेला असतो. शेवटच्या आकड्याच्या खोबणीत थोडा तांबडा रंग राहिलेला दिसला, तर ती आमच्या आप्पांची आहे. मला कळवा.