रीबिल्ट टॉर्क कन्व्हर्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये बसवलेला रीबिल्ट (उघडून दुरुस्त केलेला) टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग, शहरातली रखडपट्टी, लांबचा हायवे आणि भरल्या गाडीने चढ असं सगळं पाहून झाला. टॉप गिअरमधली थरथर गेली ती परत आली नाही. लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा कन्व्हर्टरमधला क्लच) वेळेवर लागतो आणि तो लागताना आरपीएम तीनशेच्या आसपास खाली येतो. सकाळी पहिला गिअर लागायला होणारा उशीर मात्र जसाच्या तसा आहे. तो कन्व्हर्टर बदलून जाणार नव्हताच, त्याबद्दल पुढे.

आत काय चालतं ते थोडक्यात. कन्व्हर्टरच्या कवचाला आतून जोडलेली पाती म्हणजे इम्पेलर. तो इंजिनाबरोबर फिरतो आणि ऑइल टर्बाइनवर फेकतो. टर्बाइन स्प्लाइनने (एकमेकांत बसणाऱ्या दात्यांनी) गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसलेला असतो. टर्बाइनमधून परत येणारं ऑइल उलट्या दिशेने इम्पेलरवर आदळलं असतं, पण मधला स्टेटर ते वळवून सरळ करतो. त्यामुळे गाडी जागेवरून निघताना टॉर्क साधारण दुप्पट होतो. टर्बाइनचा वेग इम्पेलरच्या ८५-९० टक्क्यांवर पोचला की ऑइल स्टेटरच्या पात्यांना मागून लागतं, त्याचा एकाच दिशेने फिरू देणारा क्लच सुटतो आणि टॉर्कची वाढ थांबते. थोडी घसरण तरीही उरतेच आणि तिची उष्णता ऑइलमध्ये जाते. ती थांबवायला लॉक-अप क्लच. १९४९ च्या पॅकार्ड अल्ट्रामॅटिकमध्ये तो होता, पण सर्रास दिसू लागला तो १९७० च्या दशकाच्या शेवटी, इंधनाची चणचण जाणवल्यावर.

जुन्या गाड्यांत सगळ्यात जास्त तक्रार याच लॉक-अपची. ताशी ६० ते ८० किमी वेग, हलका ॲक्सिलरेटर, किंचित चढ, आणि गाडी बारीक खडीवरून चालल्यासारखी थरथरते. ॲक्सिलरेटर तसाच धरून ब्रेक पेडलला फक्त दिवा लागेल इतका स्पर्श करा. लॉक-अप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली आणि पाय काढल्यावर परत आली, तर संशय लॉक-अपवर.

पण संशयच, खात्री नाही. लॉक-अप लागलेला असताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात मऊपणा उरत नाही, त्यामुळे एखादा प्लग किंवा त्याची केबल मिस करत असेल तर तोही धक्का सरळ सीटपर्यंत येतो. लॉक-अप सुटला की ऑइल तो गिळून टाकतं. म्हणजे ब्रेकची चाचणी दोन्ही दोषांत सारखंच उत्तर देते! म्हणून आधी प्लग आणि केबल, मग ऑइल, आणि शेवटी कन्व्हर्टर. गिअरबॉक्स उतरवून झाल्यावर प्लग सापडणं फार महागात पडतं.

ऑइलचा हिशोब बऱ्याच जणांचा चुकतो. पॅन उघडला की तीन-चार लिटर निघतं, पण एकूण ऑइल आठ-नऊ लिटर असतं. उरलेलं कन्व्हर्टर, कूलर आणि पाइपांत अडकलेलं राहतं. म्हणून एकदा बदलून "फरक पडला नाही" म्हणण्यात अर्थ नाही. मध्ये थोडी गाडी चालवून दोन-तीनदा बदलावं लागतं. ऑइलमधली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपल्यामुळे थरथर असेल तर ती एवढ्यानेच जाते. लॉक-अप क्लचचं लायनिंग (घर्षणाचं अस्तर) जळून गुळगुळीत झालं असेल तर काही दिवस बरं वाटतं आणि दुखणं परत येतं. काही जुन्या कन्व्हर्टरना ड्रेन प्लग असतो. असेल तर रीबिल्ट करताना तो ठेवायलाच सांगा.

स्टेटरसाठी स्टॉल टेस्ट: गाडी ब्रेकने रोखून इंजिन किती आरपीएमपर्यंत जातं ते बघायचं. ऑइल गरम, चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक पूर्ण दाबलेला, गाडीसमोर कोणीही नाही. ड्राइव्हमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर, जास्तीत जास्त पाच सेकंद. नंतर न्यूट्रलमध्ये किमान एक-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून ऑइल थंड होऊ द्या. साध्या गाड्यांत आकडा बहुधा १८०० ते २५०० च्या दरम्यान येतो, पण तुलना मॅन्युअलमधल्या आकड्याशीच करायची. तो एक-तृतीयांशाने कमी आला तर स्टेटरचा क्लच दोन्हीकडे मोकळा फिरतोय. अशी गाडी उठतच नाही, एकदा वेग धरला की ठीक चालते. थोडासाच कमी असेल तर इंजिन अशक्त. जास्त असेल तर गिअरबॉक्समधले क्लच घसरताहेत किंवा ऑइल कमी आहे. स्टेटर जाम झाला असेल तर मात्र ही टेस्ट काहीच सांगत नाही. पिकअप छान, पण हायवेवर गाडी दबलेली आणि ऑइल तापलेलं.

या रीबिल्टचा आकडा मूळ आकड्याहून दीडशेने वर आला, आणि गिअरबॉक्सचे क्लच व ऑइलची पातळी दोन्ही ठीक असूनही. आत वेगळ्या कोनाच्या पात्यांचा स्टेटर घातला असणार. गर्दीत सरकताना इंजिन थोडं जास्त ओरडतं. चालण्याजोगं आहे, पण रीबिल्ट करणाऱ्याने न सांगता हे करायला नको.

बसवताना घोळ होतो तो एकाच ठिकाणी. कन्व्हर्टर फिरवत आत ढकलायचा, आणि तो तीनदा आत सरकल्याचं हाताला जाणवलं पाहिजे: एकदा स्टेटरच्या सपोर्टच्या स्प्लाइनवर, एकदा इनपुट शाफ्टवर, एकदा ऑइल पंपाच्या खाचांत. गिअरबॉक्स इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (कन्व्हर्टर जिला बोल्टने जोडतात ती इंजिनाकडची पातळ चकती) यांच्यात ३ ते ५ मिमी फट उरली पाहिजे. फट नसेल तर बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढू नका. पंपाचा गिअर तिथेच फुटतो. बसवण्याआधी आत लिटरभर ऑइल ओता. आणि कूलर नीट धुतल्याशिवाय नवा कन्व्हर्टर जोडू नका. जुन्याचा धातूचा चुरा तिथेच दडून बसतो.

कन्व्हर्टरवर खोटे आळ बरेच येतात. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर इंजिन पुरेसं तापत नाही आणि पुष्कळ गाड्यांत लॉक-अप लागतच नाही. ब्रेक स्विच सरकला तरी तेच. सिग्नलला थांबताना इंजिन गचका खाऊन बंद पडत असेल तर लॉक-अप सुटत नाहीये, तेव्हा आधी लॉक-अपचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा ऑइलचा व्हॉल्व्ह) तपासा. आयडलला टकटक येत असेल तर फ्लेक्सप्लेटला तडा आहे का आणि कन्व्हर्टरचे बोल्ट सैल आहेत का ते बघा.

आता सकाळचा उशीर. गाडी रात्रभर उभी राहिली की झिजलेल्या बुशमधून (फिरत्या भागाला आधार देणाऱ्या कड्यातून) किंवा न धरणाऱ्या व्हॉल्व्हमधून कन्व्हर्टरमधलं ऑइल पॅनमध्ये उतरतं. ओळखायला सोपं आहे: इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिकवर पातळी नेहमीच्या थंड पातळीपेक्षा बरीच वर दिसते. पातळी जास्त झाली म्हणून ऑइल काढू नका, खरं माप गरम असताना मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पद्धतीनेच. काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये कन्व्हर्टरकडे ऑइल जातच नाही. म्हणून सुरू केल्यावर ब्रेक दाबून अर्धा मिनिट न्यूट्रलमध्ये ठेवायची, मग ड्राइव्ह. एवढ्याने धक्का आणि उशीर दोन्ही जातात. कायमचा इलाज पंपाचा बुश. गिअरबॉक्स खाली होता तेव्हाच तो बदलायला हवा होता. कन्व्हर्टरसाठी उतरवणार असाल तर बुश आणि पुढचं सील त्याच कामात घ्या.

नव्या लायनिंगचं पहिलं ऑइल लवकर बदललं. पॅनमधल्या मॅग्नेटवर राखाडी, बोटावर पसरणारी पेस्ट होती, चकचकीत कण किंवा सुया नव्हत्या. ऑइल पांढऱ्या कागदावर लाल दिसलं, जळका वास नाही. म्हणजे आत सगळं ठीक.