सूर्यनमस्कार की सकाळचं चालणं?

भाचीने विचारलं, "मावशी, १ जानेवारीपासून काय धरू?"

सूर्यनमस्काराला एक सतरंजी पुरते, चालायला बरे बूट हवेतच. १२ नमस्कार दहा मिनिटांत होतात, बाहेर पाऊस असो की थंडी. चालायला रोज ३० मिनिटं काढावी लागतात. पाच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला सुचवलेली व्यायामाची किमान १५० मिनिटं भरतात. नमस्कारात मनगटावर, कमरेवर भार येतो. माझं मनगट पहिल्याच आठवड्यात धरलं होतं.

मनासाठी मात्र चालणंच. पहाटे रस्ता झाडणाऱ्या ताई खराटा थांबवून हात करतात, मीही करते. रोज कशाकशाचे आभार मानायचे ते लिहायला कृतज्ञतेची वेगळी वही लागत नाही.

सकाळी लोकल गाठायची घाई आणि सांधे ठणठणीत असतील तर नमस्कार. कंबर कुरकुरत असेल, किंवा घरात एकटं वाटत असेल, तर चालायला लाग.