बाखला पुरतो, बीथोव्हेनला अडतो: यामाहा पीएसआर-ई३७३

जळगाव-धुळ्याकडे कीबोर्डचा क्लास म्हणजे बहुधा उजव्या हाताने गाण्याची चाल आणि डाव्या हाताच्या तीन बोटांवर आपोआप चालणारी साथ. त्या कामाला यामाहाचा पीएसआर-ई३७३ हा कीबोर्ड चांगलाच आहे. इथे प्रश्न वेगळा आहे: पाश्चात्त्य अभिजात संगीताची सुरुवात यावर करता येते का? येते, पण साधारण १८०० सालापर्यंतच्या रचनांपुरती.

२०२० सालचं हे मॉडेल. पट्ट्या ६१, वजन ४.६ किलो, एका वेळी ४८ सूर. आवाज ६२२ आहेत, पण आपल्याला पियानो, हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) आणि ऑर्गन एवढे पुरतात. आधी साथीचा मोड बंद करा. तो चालू असेल तर डावीकडच्या पट्ट्या कीबोर्ड ‘कॉर्ड’ (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) म्हणून वाचतो आणि बाख या जर्मन संगीतकाराच्या रचनेतल्या डाव्या हाताच्या सुरांचा भलताच अर्थ लावतो. बाखचा डावा हात साथ करत नाही, स्वतःची चाल गातो.

ते ऐकायला बाखचं सी मेजरमधलं, दोन स्वतंत्र चालींचं पहिलं इन्व्हेन्शन (सरावासाठीची छोटी रचना) घ्या, फक्त २२ बारांचं. बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक भाग. उजवा हात एक छोटं वाक्य म्हणतो आणि अर्ध्या बारानंतर डावा हात तेच खालच्या सप्तकात म्हणतो. पाश्चात्त्य संगीतात ‘काउंटरपॉइंट’ म्हणतात ते हेच. दोन ट्रॅकचं रेकॉर्डिंग इथे फार उपयोगी पडतं. मेट्रोनोम (लयीचे ठोके) लावून डावा हात पहिल्या ट्रॅकवर घ्या आणि त्यावर उजवा वाजवा. दोन्ही हात एकदम बसवायला गेलं की डावा हात उजव्याच्या मागे फरपटतो. सगळ्यात जास्त विद्यार्थी इथेच सोडून देतात.

कॉर्ड समजून घ्यायला बाखच्या १७२२ च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ या संग्रहातलं पहिलं प्रील्यूड (छोटी रचना) घ्या. जवळजवळ प्रत्येक बारात एक कॉर्ड, तीही सुटी करून वाजवलेली: डाव्या हाताचे दोन सूर, उजव्याचे तीन, मग तेच तीन पुन्हा. सुरुवातीला पाचही सूर एकदम दाबून बार ओळखा, मग सुटे करा. अखेरीकडे सलग आठ बार डावा हात पांढरी पाच धरून बसतो. सी, म्हणजे पांढरी एक, हा सा मानला तर तो पंचम. ताण वाढत जातो आणि शेवटच्या चार बारांत खालच्या ‘सा’वर उतरतो. तो ‘सा’ या कीबोर्डची डावीकडची अगदी पहिली पट्टी आहे. रचना काठोकाठ बसते, एक पट्टी कमी असती तर शेवट तुटला असता.

आता स्पर्श. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, त्यामुळे पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास सारखाच. इटलीत क्रिस्तोफोरी या वाद्यकाराने १७०० च्या सुमारास तारेवर हातोडी आणली आणि बोटाच्या जोरावर लहान-मोठा आवाज निघू लागला. ‘पियानो’ हे नावच हळू आणि मोठा यांसाठीच्या इटालियन शब्दांवरून आलं. ई३७३ मध्ये स्पर्शाच्या तीन पातळ्या आहेत आणि चौथी ‘फिक्स्ड’. हार्पसिकॉर्डच्या आवाजावर बाख वाजवताना फिक्स्ड ठेवा, पियानोवर मीडियम. मात्र पट्ट्या स्प्रिंगच्या आहेत, हातोडीचं वजन त्यांत नाही. दोन वर्षं फक्त यावरच हात बसला तर खऱ्या पियानोवर बोटं कमी पडतात. हा माझ्या मते या कीबोर्डचा सगळ्यात मोठा उणेपणा.

दुसरा उणेपणा खालच्या सप्तकाचा. मोझार्टच्या व्हिएन्नातल्या पियानोलाही पाच सप्तकं, म्हणजे ६१ पट्ट्याच होत्या. फरक एवढाच की त्याच्या पट्ट्या पांढरी चार ते पांढरी चार होत्या, इथे पांढरी एक ते पांढरी एक आहेत. म्हणजे खालच्या सात पट्ट्या गेल्या आणि वर सात वाढल्या, ज्यांचा त्या काळच्या संगीतात काही उपयोग नाही. बीथोव्हेनच्या १८०१ सालच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला बार वाजवून बघा. डाव्या हाताचा खालचा सूर काळी एक, म्हणजे कीबोर्डची दुसरी पट्टी. दुसऱ्या बारात तो पांढरी सातवर उतरतो आणि ती पट्टी इथे नाहीच, काठाच्या जेमतेम अर्ध्या सुराने बाहेर. ट्रान्सपोज करून (सगळी पट्टी वर-खाली सरकवून) हे सुटत नाही, कारण मग कागदावरचा सूर आणि बोटाखालची पट्टी जुळत नाही. डाव्या हाताच्या दोन सुरांतला फक्त वरचा वाजवणं त्यातल्या त्यात बरं, पण तो खालचा घुमारा जातो.

पेडल वेगळं घ्यावं लागतं. कीबोर्ड चालू करताना त्यावर पाय असेल तर पेडल उलटं चालतं: दाबल्यावर सूर तुटतो, सोडल्यावर लांबतो. बिघाड समजून दुकानात धावू नका. बंद करा, पाय काढा, पुन्हा चालू करा.

आपल्याकडचा उन्हाळा मात्र खराच विचारात घ्या. कंपनीने वापरासाठी ५ ते ४० अंश तापमान सांगितलंय. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. वरच्या मजल्यावर, खिडकीच्या उन्हात ठेवू नका. धूळ त्याहून वाईट. प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन संपर्कबिंदू असतात आणि ते किती वेळाच्या अंतराने टेकतात यावरून जोर मोजला जातो. मध्ये धूळ गेली की एखादी पट्टी मुकी होते किंवा एकदम ओरडते. वाजवून झालं की कापडी झाकण हवंच. वीज गेली तर सहा एए सेलवर चालतो, हे आपल्या भागात मोठंच सुख.

वापरलेला घेत असाल तर स्पर्श मीडियमवर ठेवून ६१ पट्ट्या एकेक करून आधी हळू, मग जोरात दाबा. मधल्या दोन सप्तकांकडे जास्त लक्ष द्या, झिजतात त्याच. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेला बसायचं असेल तर पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पियानोची द्यायची तर पैसे साठवून थेट वजनदार पट्ट्यांचा ८८चा डिजिटल पियानोच घ्या.